भाड्याने दिलेल्या जुन्या घराची ड्रेनेज लाइन: बदलावी की दुरुस्त करावी?

पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा सोलापूर अशा शहरांत साधारण १९६० ते १९८५ या काळात बांधलेले बैठे घर वा छोटा बंगला ज्यांनी भाड्याने दिला आहे, त्यांच्या अंगणाखाली बहुधा आजही चिनी मातीच्या, म्हणजे स्टोनवेअरच्या पाइपांची लाइन आहे. तिची तक्रार येण्याची रीत ठरलेली असते. भाडेकरूचा फोन येतो, प्लंबर पट्ट्या घालून चोकअप काढतो, मालक पैसे पाठवतो आणि पुढचा फोन येईपर्यंत विषय मिटतो. मालक स्वतः त्या घरात राहत असता तर न्हाणीघरातले पाणी किती सावकाश उतरते, पावसाळ्यात मागच्या दारी वास कधी सुरू होतो, हे त्याला रोज कळले असते. भाड्याच्या घरात हा त्रास भाडेकरूच्या वाट्याला येतो आणि मालकापर्यंत फक्त बिल पोहोचते. म्हणूनच लाइन बदलायची की नाही, हा निर्णय तिचे वय ऐकून किंवा घाईने बोलावलेल्या कारागिराच्या एका वाक्यावर घेऊ नये. तो नोंदी, चेंबरची पाहणी आणि मोजमाप यांच्या आधारे घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. तो कसा घ्यावा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

आधी लाइन कोणाची, ते निश्चित करा

स्वतंत्र घर असेल, तर घरातून निघून महापालिकेच्या मुख्य वाहिनीला मिळेपर्यंतची जोडणी सर्वसाधारणपणे मालकाच्या जबाबदारीची असते आणि मुख्य वाहिनी महापालिकेची असते. फ्लॅट असेल, तर इमारतीच्या सामाईक ड्रेनेज लाइनची व सेप्टिक टँकची देखभाल गृहनिर्माण संस्थेकडे येते. फ्लॅटच्या आतल्या ट्रॅपची (म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या पाइपाची), फरशीखालच्या जोडण्यांची आणि गळतीची दुरुस्ती सभासदाला करावी लागते. संस्थेची लाइन खराब असताना एकट्या सभासदाने आपल्या खर्चाने उकरायला सुरुवात करणे चुकीचे आहे. अशा वेळी संस्थेला लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

यासोबत आणखी एक खात्री सुरुवातीलाच करून घ्यावी. लाइन तुंबलेली असताना रस्त्यावरच्या महापालिकेच्या चेंबरची स्थिती पाहून घ्यावी. ते चेंबर काठोकाठ भरलेले असेल, तर दोष आपल्या लाइनचा नसून मुख्य वाहिनीचा असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी महापालिकेच्या ड्रेनेज विभागाकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. ही साधी पाहणी न करता पूर्ण लाइन बदलली, तर पुढच्या पावसाळ्यात नव्या लाइनमधूनही मैला उलटा येतो. मुख्य वाहिनीच वारंवार भरत असेल, तर आपल्या शेवटच्या चेंबरमध्ये उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह बसवणे हा वेगळा आणि बराच स्वस्त उपाय आहे. मात्र तो मधूनमधून उघडून साफ करावा लागतो.

तक्रारींची वही

गेल्या दोन-तीन वर्षांतल्या तक्रारी तारखेनिशी लिहून काढाव्यात. प्लंबरची बिले, बँकेतून पाठवलेल्या रकमा आणि भाडेकरूचे संदेश पाहिले की ही यादी सहज तयार होते. प्रत्येक तक्रारीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: पाणी नेमके कुठे तुंबले, पाऊस चालू होता का, आणि साफ करताना लाइनमधून काय निघाले. तुंबणे एकाच संडासापुरते असेल, तर बिघाड त्या ट्रॅपपासून पहिल्या चेंबरपर्यंतच्या तुकड्यात आहे. संडास, न्हाणी आणि मोरी एकाच वेळी तुंबत असतील, तर सर्वांना सामाईक असलेल्या लाइनमध्ये दोष आहे. तक्रारी फक्त पावसाळ्यात येत असतील, तर फुटक्या सांध्यांतून जमिनीतले पाणी आत शिरत असावे किंवा कोणीतरी गच्चीचे पन्हाळीचे पाणी मैल्याच्या लाइनला जोडलेले असावे. दुसरी गोष्ट जुन्या घरांत फार आढळते. तिचा उपाय लाइन बदलणे हा नव्हे, तर पावसाचे पाणी वेगळे काढणे हा आहे.

पाणी व्यवस्थित वाहते पण वास येतो, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा लाइन निर्दोष असते. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साठून राहते आणि तेच वायूला घरात येण्यापासून अडवते. घर महिनाभर रिकामे राहिले, की न्हाणी ट्रॅपमधले हे पाणी सुकते. हवा खेळती ठेवणारा व्हेंट पाइप बुजला असेल किंवा बसवलेलाच नसेल, तर एका संडासाला पाणी सोडल्यावर दुसऱ्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाते आणि गुडगुड असा आवाज येतो. या दोन्ही बाबी अल्प खर्चात सुधारतात.

साफ करताना काय निघाले, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू (वेट वाइप्स), केसांचे पुंजके किंवा मोरीतले गोठलेले तेल-तूप निघत असेल, तर वापरात बदल झाल्याशिवाय नवी लाइनही तुंबणार. घर विद्यार्थ्यांना किंवा खाणावळीला दिले असेल, तर स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी तेल अडवणारे वेगळे चेंबर आवश्यक आहे. याउलट माती, वाळू, मुरूम, पाइपाचे तुकडे किंवा झाडाची मुळे निघाली, तर बाहेरची जमीन लाइनच्या आत पोहोचली आहे, एवढे निश्चित समजावे.

चेंबर उघडून पाहताना

सर्व चेंबरची झाकणे एकाच दिवशी उघडावीत आणि शक्यतो स्वतः हजर राहावे. जुन्या घरांत एखादे चेंबर फरशीखाली, बागेच्या मातीखाली किंवा नंतर वाढवलेल्या खोलीखाली गाडले गेलेले असते. दोन चेंबरमधले अंतर अवाजवी वाटले, तर मधले चेंबर शोधावे. झाकण काढल्यावर काही वेळ थांबून वायू निघून जाऊ द्यावा, जवळ विडी-सिगारेट वा ज्योत असू नये आणि आत डोके घालून वाकू नये.

एक गोष्ट येथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. सेप्टिक टँकमध्ये किंवा खोल चेंबरमध्ये कोणत्याही माणसाला उतरवू नये, त्याने स्वतः तयारी दाखवली तरीही. हायड्रोजन सल्फाइड हा मैल्यातून निघणारा विषारी वायू जास्त प्रमाणात असेल, तर त्याचा वास कळण्याची शक्तीच नष्ट होते आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच जातो. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटार वा सेप्टिक टँक अशा धोकादायक रीतीने साफ करून घेण्यावर बंदी आहे आणि ही बंदी खाजगी मालकालाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. सक्शन आणि जेटिंगची, म्हणजे मैला ओढून घेणारी व दाबाच्या पाण्याने लाइन साफ करणारी गाडी मागवण्याचा खर्च वाचवण्यासाठी कोणाचाही जीव पणाला लावण्याचा अधिकार मालकाला नाही.

आता चेंबरच्या आत काय पाहायचे ते सांगतो. तळाला अर्धगोल नाळी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतरता गिलावा असतो. निरोगी चेंबरमध्ये हा गिलावा जवळपास कोरडा आणि स्वच्छ दिसतो, कारण पाणी नाळीतूनच वाहून जाते. गिलाव्यावर मैल्याचा थर साचलेला असेल, तर पाणी नाळीबाहेर चढत असते. भिंतीकडे नीट पाहिले तर तळापासून काही उंचीवर काळसर, चिकट पट्टा दिसतो, त्याच्या वर वीटकाम फिकट असते. हा पट्टा म्हणजे आजवर पाणी किती उंच चढले होते, याची खूण आहे. असा पट्टा वरच्या चेंबरमध्ये आहे आणि खालच्या चेंबरमध्ये नाही, अशी स्थिती असेल तर अडथळा या दोहोंच्या मधल्या तुकड्यात आहे. पट्टा सगळ्याच चेंबरमध्ये असेल, तर अडथळा शेवटच्या तुकड्यात किंवा मुख्य वाहिनीत आहे. पाइपाच्या तोंडाशी तपकिरी, केसांसारखे बारीक तंतू लोंबत असतील, तर ती मुळे आहेत. औदुंबर, वड किंवा पिंपळ जवळ असेल, तर ती वरचेवर छाटूनही पुन्हा येतात.

यानंतर एक सोपी चाचणी करावी. वरच्या चेंबरमध्ये खाण्याच्या रंगाचे बादलीभर पाणी ओतावे आणि खालच्या चेंबरमध्ये रंग कधी दिसतो, ते पाहावे. चांगल्या ढाळाच्या लाइनमध्ये दहा-पंधरा मीटरचे अंतर पाणी अर्ध्या मिनिटाच्या आत कापते. रंग उशिरा आला आणि बराच वेळ फिकट होत येत राहिला, तर लाइनला मध्ये पोट पडले आहे, म्हणजे पाइप खचून तिथे पाणी साठते. तीन-चार बादल्या ओतूनही खाली नाममात्र पाणी आले, तर उरलेले जमिनीत मुरत आहे. लाइनजवळ पाण्याची जमिनीखालची टाकी किंवा विहीर असेल, तर ही बाब सर्वांत गंभीर समजावी. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला, तर कावीळ आणि विषमज्वर पसरतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे आलेली काविळीची साथ अनेकांना आठवत असेल. अशा घरात हिशेब मांडत बसू नये, टाकीलगतचा तुकडा ताबडतोब बदलावा आणि टाकीचे पाणी तपासून घ्यावे.

ढाळ मोजणे

जुनी रीत अशी, की चार इंची लाइनला ४० मीटरमागे १ मीटर, सहा इंचीला ६० मीटरमागे १ मीटर आणि नऊ इंचीला ९० मीटरमागे १ मीटर ढाळ द्यावा. म्हणजे सहा इंची लाइनचे दोन चेंबरमधले अंतर १५ मीटर असेल, तर दोन्ही तळांत २५ सेंटिमीटरचा फरक हवा. चार इंची असेल, तर साडेसदतीस सेंटिमीटरचा. गवंड्याकडच्या पारदर्शक लेव्हल पाइपने हे सहज मोजता येते. दोन्ही चेंबरच्या तोंडाशी समान पातळीच्या खुणा करून घ्याव्यात आणि त्या खुणांपासून नाळीच्या तळापर्यंतची खोली मोजावी.

हे मोजमाप टाळून काम सुरू करणाऱ्या कारागिराला काम देऊ नये. शेवटच्या चेंबरचा तळ आणि महापालिकेच्या वाहिनीचा तळ यांत पुरेसा फरकच नसेल, तर त्याच मार्गाने नवा पाइप टाकून काही साधत नाही. तेव्हा लाइनचा मार्ग बदलून तिची लांबी कमी करावी लागते. नुसता मोठ्या व्यासाचा पाइप टाकणे हा त्यावर उपाय नाही. मोठ्या पाइपात थोडे पाणी पसरून उथळ वाहते आणि मैला मागेच राहतो.

कॅमेरा केव्हा लावावा

चेंबरच्या पाहणीतून दोष स्पष्ट झाला आणि तो तुकडा उघड्या अंगणात असेल, तर कॅमेऱ्याची गरज नाही. लाइन खोलीखालून, वाहनतळाखालून किंवा महागड्या फरशीखालून जात असेल, तर मात्र कॅमेरा लावल्याशिवाय उकरू नये. चित्रीकरण करताना पडद्यावर अंतराचा आकडा दिसला पाहिजे आणि चित्रीकरणाची प्रत आपल्याला मिळाली पाहिजे. शक्य असल्यास आधी आणि नंतर, असे दोनदा चित्रीकरण घ्यावे: साफ करण्यापूर्वी अडथळा दिसतो, साफ केल्यावर पाइपाची अंगकाठी दिसते. जुन्या लाइनवर जेटिंग करताना सुरुवात कमी दाबाने करायला सांगावी. आधीच भेगाळलेला पाइप पूर्ण दाबाने फुटू शकतो.

चित्रीकरणात काय शोधायचे, हे पाइप कशाचा आहे यावर अवलंबून आहे. चिनी मातीचा पाइप स्वतः शंभर वर्षेही टिकतो. त्याचा दुबळा भाग सांधा हा असतो. हे पाइप बहुधा दोन फूट लांबीचे असतात, म्हणजे १८ मीटरच्या लाइनमध्ये तीसच्या आसपास सांधे. प्रत्येक सांधा डांबरात भिजवलेला ताग आणि सिमेंट यांनी भरलेला असतो, आणि तो ताठ असल्यामुळे जमीन हलली की तडकतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या आणि नदीकाठच्या वस्त्यांतल्या लाइनी मुरमाड जमिनीतल्या लाइनींपेक्षा लवकर निखळतात. बिडाचा पाइप आतून गंजून अरुंद होतो. अॅस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप मैल्यातल्या आम्लाने वरच्या बाजूने मऊ पडतो. तो कोरडा कापू वा फोडू नये, कारण त्याचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत. जुना पातळ पीव्हीसी पाइप दगडांवर टेकून चपटा झालेला आढळतो.

दुरुस्ती पुरेशी केव्हा, बदल अटळ केव्हा

दोष एका ठिकाणी असेल, ढाळ बरोबर असेल आणि उरलेले सांधे जागेवर असतील, तर तेवढाच तुकडा बदलावा. पन्नास वर्षांची लाइनही अशा दुरुस्तीने आणखी बरीच वर्षे चालते. जुना चिनी मातीचा पाइप आणि नवा पीव्हीसी यांची जोड सिमेंट थापून जमिनीत गाडू नये. जिथे दोन्ही भेटतात तिथे नवे चेंबर बांधावे, म्हणजे ती जोड पुढेही तपासता येते. ही सूचना खर्चीक वाटते, परंतु अर्धवट दुरुस्त्या फसण्याचे मुख्य कारण ही गाडलेली जोडच असते.

संपूर्ण लाइन बदलण्याचा निर्णय मी पुढील परिस्थितीत घेईन: तीन किंवा अधिक तुकड्यांत सांधे निखळलेले आहेत, ढाळच उलटा किंवा अपुरा आहे, पाणी जमिनीत मुरून पायाजवळची माती बसू लागली आहे, किंवा लाइन नंतर बांधलेल्या खोलीखालून जाते आणि तिथेच फुटली आहे. शेवटच्या प्रकारात खोलीची जमीन फोडण्यापेक्षा लाइन घराबाहेरून वळवून नेणे बहुधा बरे पडते. न उकरता पाइपात आतून अस्तर घालण्याचे तंत्र महापालिका मोठ्या वाहिन्यांसाठी वापरतात. घरगुती चार-सहा इंची लाइनसाठी ते काम करणारा अनुभवी माणूस सहज मिळत नाही, आणि ढाळ चुकलेल्या लाइनला अस्तर घालून ढाळ सुधारत नाही.

शहराच्या वाढत्या भागांत अजून सेप्टिक टँकवर चालणारी घरे आहेत. दारापर्यंत महापालिकेची वाहिनी आलेली असेल, तर लाइन बदलतानाच परवानगी घेऊन थेट जोडणी करावी आणि टँक रिकामी करून भरून टाकावी. हे काम पुन्हा वेगळे काढण्यात दुप्पट खर्च आहे.

पैशांचा हिशेब

पुढचे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. दर गावानुसार, खोलीनुसार आणि खाली खडक लागतो की माती यानुसार बदलतात, त्यामुळे आपापली कोटेशने घेऊन हीच मांडणी करावी. समजा, १८ मीटरची लाइन पूर्ण बदलण्याचा खर्च १,१०,००० रुपये, एक तुकडा बदलण्याचा ३५,००० आणि मासिक भाडे २२,००० आहे. सध्या वर्षातून चार वेळा चोकअप काढण्यासाठी प्रत्येकी २,५०० रुपये, म्हणजे १०,००० जातात. शिवाय कंटाळून भाडेकरू जातो आणि दोन वर्षांतून एकदा घर महिनाभर रिकामे राहते, म्हणजे वर्षाला ११,००० चे नुकसान. काहीच न करण्याची किंमत वर्षाला २१,००० झाली. नवी लाइन ३० वर्षे धरली, तर तिचा वार्षिक भार सुमारे ३,७०० रुपये येतो. तुकड्याची दुरुस्ती पाच वर्षे पुरली आणि उरलेल्या लाइनवर वर्षाला ६,००० रुपये लागत राहिले, तर भार १३,००० येतो.

पूर्ण बदल स्वस्त ठरतो, पण एका अटीवर. घर तेवढी वर्षे उभे राहणार असले पाहिजे. तीन वर्षांत पुनर्विकास ठरलेला असेल, तर पूर्ण बदलाचा भार वर्षाला सुमारे ३६,७०० होतो आणि तुकड्याच्या दुरुस्तीचा सुमारे १७,७००. तेव्हा दुरुस्तीच योग्य. पुनर्विकासाची नुसती चर्चा चालू असणे आणि करारावर सह्या झालेल्या असणे, यांत मात्र फरक करावा. चर्चेच्या भरवशावर दहा-दहा वर्षे लाइन तशीच ठेवलेली घरे प्रत्येक पेठेत आहेत आणि त्यांची झळ तिथे राहणाऱ्यांना लागते.

प्राप्तिकराच्या दृष्टीने एक बाब लक्षात ठेवावी. घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च त्याव्यतिरिक्त वजा होत नाही. दुरुस्तीसाठी कर्ज घेतले असेल, तर त्याच्या व्याजाचा विचार वेगळा होतो, तो सनदी लेखापालाकडून समजून घ्यावा.

भाडेकरूशी बोलणे आणि कायद्याची बाजू

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे कर्तव्य घरमालकाचे आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुर्लक्ष केले, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक करता येत नाही. कलम २९ नुसार पाणी, वीज, स्वच्छता अशा अत्यावश्यक सेवा तोडता येत नाहीत, त्यामुळे “लाइन खराब आहे, संडास बंद ठेवा” असे म्हणून हात वर करणे मालकाला शोभत नाही आणि परवडतही नाही. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असते आणि बरेचसे करारातल्या अटींवर ठरते. म्हणून करारातच लिहावे, की वापरातील निष्काळजीपणामुळे झालेल्या चोकअपचा खर्च राहणाऱ्याकडे आणि लाइनच्या झिजेमुळे झालेल्या दुरुस्तीचा खर्च मालकाकडे. जुन्या लाइनचा खर्च अनामत रकमेतून कापणे अन्यायाचे आहे.

कामाची तारीख किमान आठवडाभर आधी सांगावी. घरात वृद्ध व्यक्ती, लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल, तर संडास किती तास बंद राहील आणि तोवर सोय कुठे, हे आधी ठरवावे. शेजाऱ्यांची परवानगी, फिरते शौचालय किंवा दोन दिवसांसाठी जवळच्या लॉजची खोली, यांपैकी जे जमेल ते मालकाने आपल्या खर्चाने करावे. एखादा दिवस पूर्ण गैरसोय होणार असेल, तर त्या दिवसांचे भाडे न मागता सोडावे. घर दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात रिकामे होणार असेल, तर काम त्याच आठवड्यात बसवणे सर्वांत सोयीचे.

काम करवून घेताना

कामाचा हंगाम दिवाळीनंतर ते एप्रिल हा आहे. पावसाळ्यात महापालिका सहसा रस्ता खोदू देत नाहीत आणि चरात पाणी भरल्याने पाइपाखालचा बेड नीट बसत नाही. रस्त्यातली जोडणी बदलायची असेल, तर परवानाधारक प्लंबरमार्फत महापालिकेकडे अर्ज करावा आणि खोदाईचे शुल्क आधी विचारून घ्यावे.

कोटेशन ‘एकूण काम इतके’ असे एका ओळीत घेऊ नये. खोदाईचा दर खोलीनुसार आणि माती, मुरूम व खडक यांसाठी वेगळा लिहून घ्यावा, कारण पुण्यासारख्या ठिकाणी चार फुटांखाली खडक लागला की वाद सुरू होतो. पाइपाचा प्रकार नावानिशी लिहून घ्यावा. घरात भिंतीवर लावायचा करडा एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी व पावसाच्या पाण्यासाठीचा) पाइप आयएस १३५९२ या मानकाचा असतो. जमिनीखालच्या ड्रेनेजसाठीचा, सहसा विटकरी रंगाचा पाइप आयएस १५३२८ चा असतो. पहिला स्वस्त पडतो म्हणून तो जमिनीत गाडण्याची प्रथा आहे, ती मान्य करू नये. वरून मोटार जात असेल, तर जास्त ताठपणाचा, एसएन ८ वर्गाचा पाइप मागावा. प्रत्येक चेंबरचे माप, फरशी पूर्ववत करणे, राडारोडा उचलणे आणि चाचणी हे सर्व कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळींत यावे.

जागा असेल, तर जुनी लाइन चालू ठेवून नवी तिच्या शेजारून टाकावी आणि सर्व पूर्ण झाल्यावर एका दिवसात जोडण्या बदलाव्यात. भाडेकरूची गैरसोय तेवढ्या एका दिवसावर येते. पाइप टाकण्याची सुरुवात नेहमी खालच्या टोकाकडून करावी आणि प्रत्येक पाइपाचे रुंद तोंड वरच्या, म्हणजे पाणी येण्याच्या दिशेला ठेवावे. चराच्या तळाशी चाळलेल्या मुरमाचा किंवा वाळूचा थर हवा. काळी माती असेल, तर ती अधिक खोल काढून तिथे मुरूम ठोकावा. पाइपाच्या बाजूंनी आणि वर साधारण एक फुटापर्यंत दगड नसलेली भर हाताने दाबावी, त्यानंतरच यंत्र चालवावे.

चर बुजवण्यापूर्वी मालकाने किंवा त्याच्या विश्वासातल्या माणसाने तिथे उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, एका चेंबरमध्ये दिवा आणि दुसऱ्यात आरसा धरल्यावर पाइपाचे पूर्ण वर्तुळ दिसते का. ते अर्धे दिसले तर पाइप वाकडा किंवा खचलेला आहे. दुसरी, पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटर लहान गुळगुळीत चेंडू वरून सोडला असता तो न अडकता खाली येतो का. तिसरी, खालचे तोंड बंद करून लाइन पाण्याने भरल्यावर पातळी टिकते का. पातळी उतरत असेल, तर सांधा शोधून पुन्हा बसवावा, मग उशीर झाला तरी चालेल.

उघड्या चराची छायाचित्रे भिंतीपासूनच्या अंतरासह घ्यावीत आणि साधा नकाशा काढून त्याची एक प्रत भाडेकरूकडेही ठेवावी. कंत्राटदाराची दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट सुरुवातीच्या करारातच घालावी. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सर्व झाकणे उघडून गिलावा कोरडा आहे का, भिंतीवर नवा पट्टा उमटला आहे का आणि चराच्या रेषेवर फरशी बसली आहे का, हे पाहावे. काही दोष आढळला, तर तो दुरुस्त करून घेतल्यावरच राखून ठेवलेली रक्कम कंत्राटदाराला द्यावी.